हरिपंत जेवायला गेले

नारायणराव पेशव्यांचं आजोळ वाईचं. आई गोपिकाबाई ही इथल्या भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी. कृष्णाकाठचा ढोल्या गणपती बांधणारे गणपतराव रास्ते याच घराण्यातले. गोपिकाबाईंचा हा धाकटा लेक ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांच्या हातून मारला गेला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्या खुनाचा निवाडा करणारे रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. निवाडा करून पुणं सोडलं तेव्हा ते राहायला आले वाईजवळच्या एका खेड्यात. पांडववाडी असं त्याचं नाव परंपरेनं सांगतात. आणि पुढे पंचवीसेक वर्षं मराठी राज्याचा कारभार ज्यांच्या मुठीत राहिला त्या नाना फडणविसांचा वाडा वाईपासून तीनेक किलोमीटरवर, नदीच्या वरच्या अंगाला मेणवलीत अजून उभा आहे. सत्तेतल्या माणसांना जाब विचारण्याचा मराठी इतिहास सांगायचा म्हटलं तर तालुक्याची शीव ओलांडण्याची फारशी गरज पडत नाही.

खुनाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. काका रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत, गारद्यांचा पगार थकलेला, धरण्याच्या हुकमाचं मारण्याच्या हुकमात रूपांतर करणारं ते एक अक्षर, आणि काकाच्या कमरेला मिठी मारणारा पोरसवदा पेशवा. नाटक-सिनेमांनी यातला क्षणन् क्षण वापरून घेतला आहे. पण त्याच दिवसातली एक लहानशी घटना सहसा कोणी रंगवत नाही. इतिहासकार ग्रँट डफनं ती नोंदवून ठेवली आहे. त्या सकाळी नारायणराव पर्वतीला गेले होते. गारद्यांची हालचाल बरी दिसत नाही, जिवाला धोका आहे, अशी कुणकुण त्यांच्या कानावर आली. त्यांनी ती हरिपंत फडक्यांना सांगितली आणि बंदोबस्त करा म्हणाले. हरिपंतांनी होकार दिला. त्यांचं त्या दिवशी एका स्नेह्याकडे जेवणाचं बोलावणं होतं. जेवून आल्यावर बघू, असं ठरवून ते जेवायला गेले. ते परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

हरिपंत कटात नव्हते. त्यांच्या निष्ठेबद्दल त्या काळी कोणी शंका घेतली नाही आणि आजही कोणी घेत नाही. नंतर रघुनाथरावांच्या पाठीवर फौज घेऊन धावणारे तेच, त्यांना हटवणाऱ्या बारभाई मंडळींमधलं एक मोठं नाव तेच. म्हणूनच त्यांच्या त्या जेवणाचा विचार करावासा वाटतो. ज्याच्याकडे अधिकार होता, ज्याला खबर मिळाली होती आणि ज्याच्याकडे वेळही होता, त्या सज्जन माणसानं काम दुपारवर ढकललं. त्याचा हिशोब कोणी मागितला?

रामशास्त्र्यांनी चौकशी केली ती कटाची. डफ म्हणतो, तिला सुमारे सहा आठवडे लागले. पेशवाईवर त्या वेळी रघुनाथराव स्वतः बसलेले. म्हणजे चौकशी करणारा नोकर आणि ज्याची चौकशी तो मालक. हा पेच आपल्याला अनोळखी नाही. शास्त्र्यांनी पुरावा गोळा केला, कागद हाती घेतला आणि रघुनाथरावांसमोर जाऊन सांगितलं की या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही. तुमचा अंमल आहे तोवर मी पुण्यात पाऊल ठेवणार नाही आणि चाकरीही करणार नाही, असं म्हणून ते निघाले. आज आपण ऐकतो त्या संवादाचा बराच भाग डफच्या १८२६ च्या ग्रंथातून झिरपत आलेला आहे, हे इथं सांगितलं पाहिजे. हा डफ साताऱ्याला कंपनीचा रेसिडेंट होता. छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारावर नजर ठेवणं हे त्याचं काम. मराठ्यांच्या न्यायाधीशाचं त्यानं मनापासून कौतुक केलं. ज्या कंपनीसाठी तो बसला होता तिला मात्र साताऱ्यातला कोणी शास्त्री सवाल करू शकत नव्हता. १८३९ साली त्याच प्रतापसिंहांना कंपनीनं गादीवरून काढलं, तेव्हा दाद मागायला त्यांच्या वकिलाला, रंगो बापूजींना, थेट लंडन गाठावं लागलं आणि तिथं चौदा वर्षं घासूनही हाती काही लागलं नाही.

शास्त्र्यांनी शिक्षा सुनावली नाही, प्रायश्चित्त सांगितलं, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. शिक्षा द्यायला वरचा हात लागतो. गुन्हेगारच राजाच्या जागी बसला असेल तर वरचा हात कुठून आणायचा? कागदोपत्री पेशवा हा साताऱ्याच्या छत्रपतींचा नोकर, त्यानं वस्त्रं घ्यायची ती साताऱ्याहून. पण त्या काळी छत्रपती नावापुरतेच उरले होते. मग उरतं प्रायश्चित्त, जे दोषी माणसानं आपण होऊन घ्यायचं असतं. रघुनाथरावांनी अर्थातच ते घेतलं नाही.

जुन्या धर्मशास्त्रानं हा पेच ओळखला होता आणि त्याची मांडणी वाईतच ग्रंथबद्ध झाली आहे. नारायणशास्त्री मराठ्यांनी उभ्या केलेल्या इथल्या प्राज्ञपाठशाळेनं धर्मकोश हाती घेतला. त्याचं पहिलं कांड होतं व्यवहारकांड. व्यवहार म्हणजे इथं कोर्टकचेरीचा कारभार: फिर्याद कशी घ्यायची, साक्ष कशी तपासायची, निर्णय कसा द्यायचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली १९३७ पासून ते इथून छापलं जाऊ लागलं. त्या परंपरेत राजाच्या दंडाचा विचार आहे. मनुस्मृती म्हणते, साध्या माणसाला जिथं एक कार्षापण दंड होईल तिथं राजाला हजार व्हावा. वाचायला झकास वाटतं. पण वसूल कोणी करायचा? टीकाकारांनी उत्तर काढलं: राजानं ती रक्कम पाण्यात टाकावी, कारण राजाला दंड करणारा वरुण. म्हणजे दंड खरा, पण तो ज्यानं भरायचा त्यानंच ठरवायचा आणि पावती देणारं कोणी नाही. याच स्मृतीत माणसाची जात पाहून शिक्षा कमीजास्त होते आणि ब्राह्मणाला देहदंड नाही, हेही विसरता येत नाही. १९२७ साली महाडला ती जाळली गेली ती उगाच नव्हे.

तरी तिच्यातला एक हिशोब मला आजच्या कुठल्याही चौकशी आयोगाहून रोखठोक वाटतो. सभेत अन्याय झाला तर त्या पापाचा एक पाव करणाऱ्याला, एक पाव खोट्या साक्षीदाराला, एक पाव सभेत बसलेल्या सगळ्यांना आणि एक पाव राजाला. इथं कोणाचाच वाटा शून्य होत नाही. जो गप्प बसला, ज्यानं पाहिलं आणि उठला नाही, त्याच्याही पदरात काही पडतं. या मापानं मोजलं तर हरिपंतांच्या जेवणालाही खात्यावर एक ओळ मिळाली असती. पण आपल्या लोकांनी रामशास्त्र्यांची गोष्ट जपली ती कटवाल्याला तोंडावर सुनावणाऱ्या माणसाची म्हणून. १९४४ साली प्रभातनं ‘रामशास्त्री’ सिनेमा काढला, गजानन जागीरदारांनी शास्त्री रंगवले, आणि रामशास्त्री बाणा मराठी माणसाच्या बोलण्यात कायमचा बसला. त्यांच्या साधेपणाच्याही कथा आहेत. घरात एका दिवसापुरताच शिधा ठेवायचे. श्रावणातल्या दक्षिणेला सख्खा भाऊ आला, तेव्हा नाना त्याला जास्त द्यायला निघाले. शास्त्री म्हणाले, विद्वत्ता बेताची आहे, सरकारातून इतरांइतकेच दोन रुपये द्या. भाऊ म्हणून काय द्यायचं ते मी माझ्या घरून देईन. आख्यायिका असेल, पण ज्यानं रचली त्याला खुर्चीतल्या माणसाची खरी परीक्षा कुठे होते ते पक्कं कळलं होतं. शत्रूविरुद्ध निकाल देणं सोपं. भावाला रांगेत उभं करणं अवघड.

निकाल देऊन शास्त्री वाईकडे आले. राज्य बदललं ते मात्र त्यांच्या निकालानं नव्हे. सखारामबापू, नाना, हरिपंत, त्रिंबकराव पेठे या मंडळींनी बारभाईंचा कट उभारला, त्यांच्याकडे फौज होती, खजिना होता, आणि पुरंदरावर नारायणरावांची गर्भवती विधवा गंगाबाई होती. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या सवाई माधवरावांच्या नावे साताऱ्याहून वस्त्रं आली. रघुनाथराव इंग्रजांकडे पळाले, सुरतेचा तह केला, लढाई ओढवून घेतली आणि सालबाईच्या तहानंतर १७८३ साली कोपरगावला वारले. देहान्त प्रायश्चित्त कोणी दिलंही नाही, कोणी घेतलंही नाही. शास्त्री पुन्हा न्यायाधीश झाले आणि १७८९ साली मृत्यू येईपर्यंत त्या कामावर राहिले.

शास्त्र्यांचं मोठेपण याने कमी होत नाही. पण एकट्या करारी माणसाच्या हातून काय होतं आणि काय होत नाही, ते यातून दिसतं. सत्य काय ते त्यांनी ठरवलं. ते अमलात आणलं दुसऱ्यांनी, आपापल्या हिशोबानं, सोयीच्या जागी थांबून. आणि त्या दुसऱ्यांवर लक्ष ठेवणारं कोणी नव्हतं.

मेणवलीच्या वाड्यात आज लोक जातात ते ‘स्वदेस’चं चित्रीकरण झालेला घाट बघायला आणि वसईच्या मोहिमेतून आलेल्या पोर्तुगीज घंटेपाशी फोटो काढायला. वाड्याची खरी दौलत कागदाची होती. नानांचं दप्तर इथं होतं, आणि मेणवली दप्तर म्हणून ते इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. लिहून ठेवल्याशिवाय काही करायचं नाही, असा हा माणूस. पण कारभार चोख असणं आणि उत्तरदायी असणं यांत अंतर असतं. शास्त्र्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १७९१ च्या ऑगस्टमध्ये, पुण्याच्या कोतवालानं काही तैलंग ब्राह्मणांना एका कोंदट खोलीत डांबलं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा एकवीस जण गुदमरून मेलेले. कोतवाल घाशीराम सावळदास, नानांनी नेमलेला. शहर उठलं, जमाव नानांच्या दाराशी आला, घाशीरामाला त्यांच्या हवाली केलं गेलं आणि दगडांनी ठेचून त्याचा जीव घेतला गेला. जमावाला न्याय मिळाल्यासारखं वाटलं. ज्यानं त्याला नेमलं, ज्याच्याकडे त्याच्याविरुद्धच्या तक्रारी आल्या असणार, त्याच्या अंगावर एक खडाही आला नाही. घाशीरामाच्या मरणानं प्रश्नच मिटवून टाकला. तेंडुलकरांनी १९७२ साली नाटकातून या जागेवर बोट ठेवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे जुन्या पुणेकरांना आठवत असेल. लोकांना तेव्हाही नानांना प्रश्न विचारलेला खपला नाही.

आता याच तालुक्यातला डोंगर. वाईहून वीसेक किलोमीटरवर मांढरदेवला काळूबाईचं ठाणं. पौष पौर्णिमेला, म्हणजे शाकंभरी पौर्णिमेला यात्रा. सातारा-सांगलीतूनच नव्हे तर पुणे, सोलापूर, मुंबईहून माणसं येतात. नवस फेडणारे, देव्हारे डोक्यावर घेऊन नाचणारे, आदल्या रात्रीपासून रांगेत बसलेले. २५ जानेवारी २००५ ला लाखोंची गर्दी डोंगरावर होती. देवळाकडे जाणारी वाट चढाची, चिंचोळी, दोन्ही अंगांनी दुकानांनी दाबलेली. फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या. पाय घसरले, माणसं माणसांवर पडली. खाली चेंगराचेंगरी सुरू असताना दुकानांना आग लागली आणि स्वयंपाकाचे गॅस सिलिंडर फुटू लागले. आगीपासून पळायला वाट एकच आणि तीच माणसांनी भरलेली. तीनशेच्या आसपास माणसं गेली, त्यात बायका आणि मुलं फार.

इथं कोणाचाही कट नव्हता. रघुनाथरावांची बायको आनंदीबाई नाही, गारद्यांचा सुमेरसिंग नाही. एका अक्षराचा फेरफार नाही. त्यामुळे आपल्या रामशास्त्री कल्पनेला पकडायला काही मिळेना. नारळ फोडायची जागा कोणी ठरवायची? देवस्थानानं. देवस्थानाच्या कारभारावर देखरेख कोणाची? धर्मादाय आयुक्तांची. वाटेवर दुकानं कोणी बसू दिली? जागा ज्याच्या ताब्यात त्यानं. सिलिंडरची तपासणी पुरवठा खात्याकडे, रस्ता बांधकाम खात्याकडे, गर्दी पोलिसांकडे, आणि सगळ्यांना एका टेबलावर बसवायचं काम प्रांत आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे. प्रत्येकाच्या हातात कामाचा एक तुकडा. मनूच्या सभेत पाप वाटलं जात होतं तेव्हा प्रत्येकाच्या पदरात काही तरी पडत होतं. आपल्या कचेऱ्यांत ते वाटलं की प्रत्येकाच्या पदरचं झटकलं जातं. फाइल ‘योग्य कार्यवाहीस्तव’ पुढच्या टेबलावर गेली की मागचं टेबल मोकळं. हरिपंत जेवायला गेले होते, इथं मात्र निम्मं सरकार एकमेकांकडे बोट दाखवत जेवायला गेलेलं.

सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती राजन कोचर यांचा एकसदस्य आयोग नेमला. अहवाल आला, शिफारशी आल्या. पुढच्या वर्षांत मांढरदेवला बरंच बदललं. वाटा रुंदावल्या, पशुहत्येला बंदी आली, यात्रेआधी प्रशासनाच्या बैठका होऊ लागल्या, मनाई आदेश निघू लागले. हे सगळं आधीही करता आलं असतं, आणि म्हणूनच ते आधी का झालं नाही हा सवाल राहतो. चौकशी आयोग कायदा १९५२ चा. त्याखालचा आयोग साक्षीदार बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, पण शिक्षा देऊ शकत नाही. त्याचा निष्कर्ष सरकारवर बंधनकारकही नसतो. थोडक्यात, आयोग म्हणजे सरकारी खर्चानं नेमलेले रामशास्त्री. सत्य सांगायचं आणि घरी जायचं.

मग आयोग निरुपयोगीच का? तसं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि मला ते आळशीपणाचं वाटतं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळीच्या ग्लिसरॉलनं चौदा रुग्ण दगावले. चौकशीला न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन बसले. औषध कोणी मागवलं, कमी प्रतीचा पुरवठादार यादीत कसा आला, प्रयोगशाळेनं काय तपासलं, अन्न-औषध प्रशासनात कोणाची सही झाली, मंत्रालयातून कोणाची शिफारस गेली, असा एकेका टेबलाचा माग त्यांनी काढला. इथंही कोणी रुग्णांना मारायला निघालेलं नव्हतं. तरी नावं घेऊन दोष दाखवता आला, आणि अहवाल बाहेर आल्यावर आरोग्यमंत्री भाई सावंतांना पद सोडावं लागलं. याच लेंटिनांनी जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयात बसून सिमेंटचं वाटप आणि मुख्यमंत्र्यांनी काढलेल्या प्रतिष्ठानाच्या देणग्या यांचा संबंध जोडणारा निकाल दिला होता, आणि मुख्यमंत्री अंतुल्यांनी राजीनामा दिला होता. फौजदारी खटला नंतर वर्षानुवर्षं रेंगाळला, त्यात शिक्षा झाली नाही, हेही खरं. पण १७७३ शी ताडून पाहा: तेव्हा निकाल देणाऱ्याला गाव सोडावं लागलं, राज्यकर्ता वाड्यात राहिला. १९८२ साली राज्यकर्ता गेला आणि न्यायाधीश आपल्या जागी राहिले. मधल्या दोनशे वर्षांत माणसांचा बाणा वाढला असं काही दिसत नाही. न्यायाधीशाची नोकरी मुख्यमंत्र्यांच्या मर्जीवर राहिली नव्हती, इतकंच. शास्त्र्यांना हे मिळालं असतं तर त्यांना पांडववाडी गाठावी लागली नसती.

बेफिकिरीचा जाब विचारायचा तर तो तारखांनीच विचारावा लागतो. कोणाला केव्हा कळलं आणि त्यानं केव्हा काय केलं, एवढेच दोन रकाने. हरिपंतांच्या बाबतीत पहिला रकाना डफनं भरला आहे आणि दुसऱ्यात ‘जेवण’ असं लिहिलं आहे. आजच्या सरकारी कामात हे रकाने भरलेले असतातच, आवक-जावक नोंदवहीत. २००५ च्याच ऑक्टोबरात केंद्राचा माहितीचा अधिकार कायदा लागू झाला, आणि ती नोंदवही बघायचा हक्क कोणाही वाईकराला आहे. दहा रुपयांचा अर्ज पुरतो.

चौकशी आयोग कायद्यातही एक कलम आहे, ज्याची आठवण सरकारला सहसा आपण होऊन होत नाही: अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो, त्यावर केलेल्या कार्यवाहीच्या निवेदनासह, विधिमंडळासमोर ठेवायचा असतो. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या दुर्घटनेवर आयोग बसल्याची बातमी वाचाल, तेव्हा कॅलेंडरवर खूण करा. अहवाल सरकारला मिळाल्याची तारीख मांडा, तिच्यापुढे सहा महिने मोजा, आणि त्या दिवशी आपल्या आमदाराला फोन करून विचारा, अहवाल सभागृहात आला का.